मागच्या भिंतीचा माल

मेघानं वखारीच्या मागच्या भिंतीला पडून राहिलेले सहा ड्रम आठवडाभरात विकून दाखवले, तेव्हा शिळफाट्यावर तिचं कौतुक झालं. चहावाल्यानं केलं, टायरवाल्यानं केलं, शेजारचा दुकानदार म्हणून मीही केलं. शेजाऱ्याचा पडीक माल खपला की आपल्याला जरा खुपतं, तरी तोंडानं 'वा' म्हणावं लागतं. ते सहा ड्रम विकले जायला नको होते, हे तेव्हा फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक डोळ्याला पट्टी बांधून पनवेलला लेकीकडे पडला होता, आणि दुसऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

माझं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान. त्याला लागून धर्माजींची वखार. रसायनीकडच्या कारखान्यांत रिकामे झालेले निळे प्लास्टिकचे ड्रम तिथे येतात, धुतले जातात आणि पाणी साठवायला विकले जातात. एप्रिल लागला की खोपोलीपासून कर्जतपर्यंत ज्याच्या नळाला पाणी नाही तो धर्माजींच्या दारात, आणि ज्याच्या नळाला आहे तो माझ्या. देव कुणालाच उपाशी ठेवत नाही.

धर्माजी सत्तरी ओलांडलेले. गल्ल्यामागं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, रोज पुसलेली. 'उधार बंद' अशी पाटी मात्र नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं. माणूस व्यवहाराला चोख. चिरलेला ड्रम कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही आणि ठरलेल्या भावात कधी घासाघीस करू दिली नाही. शब्दाचीसुद्धा बचत. नवा माणूस कामाला आला की त्याला एवढंच सांगायचे, "बघ आणि कर." त्यांचा गडी गजा लग्नाच्या आधीपासून बघतोय आणि करतोय, आता त्याला जावई आलाय.

बघण्यासारखं होतं ते असं. टेंपो खाली झाला की धर्माजी एकेका ड्रमचं बूच काढायचे, तोंडाशी नाक न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्याकडे जायचे. बहुतेक ड्रम धुवायला जायचे. एखादा मात्र ते बाजूला लोटायचे, सळई तापवून त्याच्या बुडाला अंगठ्याएवढं भोक पाडायचे आणि तो मागच्या भिंतीला नेऊन टाकायचे. पुढं कधीतरी नर्सरीवाला यायचा, ते ड्रम आडवे कापून घ्यायचा आणि फार्महाऊसच्या बागांना कुंड्या म्हणून द्यायचा. कुंडीला भोक लागतंच. त्यात विचारण्यासारखं काय आहे? कुणी विचारलं नाही.

मेघा ही त्यांची सून. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी पनवेलला एका ऑफिसात हिशेब बघायची. नवरा जगदीश रसायनीला पाळीवर जातो. ड्रम या वस्तूशी त्याचा संबंध कंपनीच्या आतच पुरेसा येतो, घरी नको म्हणतो. तेव्हा वखारीत लक्ष घातलं ते सुनेनं. मार्चमध्ये ती कर्जतच्या एका रिसॉर्टवर छोट्या व्यावसायिकांच्या शिबिराला जाऊन आली. चौकशी मीही केली होती. फी ऐकून मला घरबसल्याच प्रेरणा मिळाली.

तिथे देवेश सर नावाच्या गृहस्थांनी गालाला माइक चिकटवून दिवसभर भाषण दिलं. मला त्यांची टिंगल करायला आवडली असती, पण मेघानं आणलेले मुद्दे ऐकले आणि गप्प बसलो. भाव लिहून लावा. जागा झाडलेली ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर घ्या. मालात खोट असेल तर आधी सांगा आणि त्याप्रमाणे भाव कमी करा. ह्यातलं चुकीचं काय आहे? तिनं सगळं केलं. पाटी आली, दाबाच्या पाण्यानं धुवायचं मशीन आलं, मोबाइलवर पैसे घ्यायचा चौकोन आला. विक्री वाढली. धर्माजींनी पाटीकडे बघून "हूं" केलं. त्यांच्या हिशेबात तो सत्कार होता.

एप्रिलअखेर धर्माजी मोतीबिंदू काढायला पनवेलला गेले. आधी एक डोळा, मग दुसरा. वखार सुनेच्या हातात आली. आणि तिला देवेश सरांचा शेवटचा मुद्दा आठवला: उद्या सकाळी दुकानाच्या मागे जाऊन उभे राहा, तिथे जो माल धूळ खातोय तो तुमचा झोपलेला पैसा आहे, त्याला उठवा.

ती मागे जाऊन उभी राहिली. भिंतीला सहा ड्रम. नर्सरीवाला पावसाळ्यानंतर फिरकलेला नव्हता. ड्रम कापून कुंड्या केल्या तर हातात काय पडतं आणि अख्खा पाण्याला विकला तर काय, हा हिशेब तिनं जागेवरच केला. तो कुणालाही तसाच आला असता. खोपोलीतून गरम हवेचं मशीन आणि प्लास्टिकच्या कांड्या आणल्या, भोकं बुजवली, वरून पट्टी दिली. ड्रम काठोकाठ भरून रात्रभर ठेवले. सकाळी खाली जमीन कोरडी. मग समोर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ड्रम उलटून बुडाची पट्टी दाखवली आणि भाव उतरवून दिला. एवढा सचोटीचा धंदा शिळफाट्यावर मी फार वेळा पाहिलेला नाही. त्या सचोटीचीच मला आता भीती वाटते, कारण लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून ड्रम नेले.

धर्माजी परतले त्या सकाळी जगदीश त्यांना रिक्षातून सोडून तसाच ड्युटीला गेला. काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. गजानं हात दिला.

"पिच्चरमधले हिरो दिसताय बाबा," गजा म्हणाला.

"तुझं तोंड आता साफ दिसायला लागलंय. आदीच बरं होतं."

त्यांनी नव्या मशीनवरून हात फिरवला, पाटी पुन्हा एकदा वाचली, आणि सवयीनं वखारीला फेरी मारायला मागे गेले. मी मेघाच्या टेबलाशी चहा घेत होतो. ते परत आले तेव्हा पावलं सावकाश पडत होती.

"मेघा, मागचे कुठं गेले गं?"

ह्या प्रश्नाची ती वाटच बघत होती. कौतुक करून घ्यायचं माणूस उगाच लांबवतं, तसं तिनं आधी माझ्याकडे बघितलं. "विकले, बाबा. सगळे."

"कापून?"

"अख्खे. भोकं बुजवली. थेंब गळत नाही."

"नेणाऱ्यानं कशाला नेले?"

"पाण्याला. आणखी कशाला नेणार?"

धर्माजींनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका सांगितलं होतं. लाल डोळ्यांनी ते सुनेकडे बघत राहिले आणि मग एका पालथ्या ड्रमवर बसले.

"ती भोकं मी पाडलेली."

"माहीत आहे. कुंड्यांसाठी."

"कुंड्यांसाठी नाय, बाय. पाण्याला जाऊ नयेत म्हणून."

हायवेवरून एक कंटेनर गेला, त्याच्या आवाजात थोडा वेळ बोलता येईना.

मग धर्माजींनी सांगितलं. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं दुकान मांडून बसलोय. एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून सलग ऐकली ती त्या दिवशी. काही ड्रम कितीही धुतले तरी त्यांचा वास जात नाही. गोडसर वास, पिकून फुटलेल्या आंब्यासारखा. आत जे भरलेलं असतं ते प्लास्टिकमध्येच मुरतं आणि नंतर पाण्यात उतरत राहतं. ते तरणे असताना दुसऱ्याच्या वखारीत कामाला होते, तिथे एक गडी अशा ड्रमातलं पाणी पीत असे.

"काय झालं त्याला?" मेघानं विचारलं.

"म्हणून भोक," धर्माजी म्हणाले. "भोक पडलं की पाण्याला कुणाला नेताच येत नाय. सांगायला नको, भांडायला नको."

"मला का नाही सांगितलं?"

"कुणालाच नाय सांगितलं. दारात हुबा राहून बोंबलू, की माझ्याकडं इखाचे ड्रमबी येतात? चांगले तरी कोण नेल मग?"

"मला म्हाईत होतं," गजा म्हणाला.

आम्ही तिघांनीही त्याच्याकडे बघितलं.

"तू माझ्या शेजारी उभा राहून कांड्या धरत होतास," मेघा म्हणाली.

"व्हय. मला वाटलं बाबांनी फोनवर सांगितलं आसल. नवीन मशीन, नवीन पद्धत. म्हटलं आता वास घालवायचंबी औषध निघालं आसल. मला कोण इचारतंय वैनी?"

गजाचं बोलणं उर्मट वाटेल, पण त्यात खोट काढता येईना. बघ आणि कर, हाच त्याला मिळालेला पगारी उपदेश होता. लहान धंद्यात असंच असतं. मालक जे काम वर्षानुवर्षं करतो ते त्याच्या हाताला माहीत असतं, आणि तो ते कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की धंद्याचं बिंग फुटतं असं त्याला वाटतं. मग मालक पनवेलला गेला की ती अक्कल त्याच्याबरोबर पनवेलला जाते, आणि मागे भोकं राहतात. नव्या माणसाला ती दुरुस्त करण्यासारखी दिसतात.

मेघा रडली नाही. फोन काढला आणि नंबर लावायला लागली. इथे देवेश सर कामाला आले. पाच गिऱ्हाइकांचे नंबर तिच्याकडे होते. पहिला ड्रम एका फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायला होता. दुसरा एका बांधकामावर सिमेंट कालवायला. तिसरा लग्नघरी, अजून रिकामा. चौथ्या घरातली बाई म्हणाली की वास यायचा म्हणून ती त्यात फक्त कपडे भिजवते, आणि वर ऐकवलं, "पॅच दाखवलात ताई, वास नाही दाखवलात." पाचवा माणूस वावोशीचा. तो म्हणाला, दोन दिवस प्यालो, तोंडाला चव राहीना म्हणून बंद केलं. मेघानं त्याला दवाखान्यात जायला सांगितलं. "कशाला, आता बरं आहे," तो म्हणाला. ती दोनदा म्हणाली, जाच.

सहावा ड्रम वहीत नव्हता, फोनमध्येही नव्हता.

"तुमी जेवायला गेला होता तवा गेला," गजा म्हणाला. "एक बाई आली. रिकाम्या टेंपोला हात करून त्यात टाकून नेला. टेंपो कर्जतकडं चालला होता."

"नंबर का नाही घेतलास रं?" धर्माजी.

"परक्या बाईचा नंबर मागू व्हय? मार खाऊ?"

"काही बोलली का?" मेघानं विचारलं. "काहीही. नीट आठव."

गजानं डोकं खाजवलं. "बोलण्यावरनं कोंडाण्याकडची वाटली. म्हणाली, सुट्टीचं गिऱ्हाईक लई येतंय लेण्यांना, सरबताला पाणी पुरत नाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. एका घरात ड्रम गेला असता तर एक घर होतं. सरबताच्या टपरीवर गेला म्हणजे त्याला दारच नाही. जो चढून येईल, तहानेल, तो पिईल आणि आपल्या गावी निघून जाईल.

"गजाला कोंडाण्याला धाडू," धर्माजी म्हणाले. "गुपचूप घेऊन येईल. दुप्पट पैशे दिऊ तिला."

"आणि ती कोंडाण्याची नसली तर? गजाला वाटली, एवढंच आहे ना? पळसदरीची निघाली तर? माथेरानच्या पायथ्याची निघाली तर?" मेघा म्हणाली. "गजा फिरेपर्यंत लोक पीत राहतील. मी सगळ्यांना सांगते. ग्रुपवर टाकते, आवाज पाठवते."

"सगळ्यांना म्हंजे?"

"माझ्याकडे जितके नंबर आहेत तितक्यांना."

"उद्यापासून वखारीत कुत्रं येणार नाय."

"नाही येणार."

"मी हे दार कसं हुबं केलं, ठाव हाय का तुला? पोर असताना मी दुसऱ्याचे ड्रम डोक्यावर वाहिले. आज धर्माजीचा ड्रम म्हटलं की कुणी उलटून बघत नाय."

"म्हणूनच तिनंही उलटून बघितला नसेल, बाबा."

धर्माजी माझ्याकडे वळले. "दत्ताशेट, तुमी सांगा हिला. तुमी धंद्यातले."

मी धंद्यातला आहे, म्हणून मला दोन्ही बाजूंचा आकडा लगेच दिसला. वखार बसली असती. कर्ज काढून आणलेलं मशीन तसंच उभं राहिलं असतं. आणि दुसऱ्या बाजूला एक बाई पेल्यात बर्फ टाकत होती. मी म्हणालो, "धर्माजी, टपरीवरचं गिऱ्हाईक परत बोलावता येत नाही." त्यांनी मान खाली घातली. ती होकाराची होती की नाही, ते मेघानं विचारलं नाही. तिनं फोन तोंडाशी धरला.

"नमस्कार. मी शिळफाट्यावरच्या ड्रमच्या वखारीतून मेघा बोलतेय. आमच्याकडून गेल्या पंधरवड्यात बुडाला पट्टी मारलेला निळा ड्रम कुणी नेला असेल तर त्यातलं पाणी पिऊ नका, कुणाला पाजू नका. त्यात आधी केमिकल होतं. चूक माझी आहे. एक ड्रम सरबताच्या टपरीसाठी कर्जतच्या बाजूला गेलाय. त्या ताईंना कुणी ओळखत असेल तर आत्ता त्यांच्याकडे जा."

आवाज एकदाही कापला नाही. पाठवल्यावर तिनं फोन टेबलावर ठेवला आणि वही पुढे ओढली.

उत्तरं यायला लागली. शिबिराच्या ग्रुपवर कुणीतरी न ऐकताच अंगठा दिला, एकानं फुलांचा गुच्छ. देवेश सरांचा निरोप आला: ताई, अशी निगेटिव्ह पब्लिसिटी स्वतःहून करू नये, आधी मला फोन करायचा. मेघानं तो वाचला आणि ग्रुप बंद केला. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. आमच्या ड्रमला पट्टी नाही ना? आमचा पोरींच्या शाळेत दिलाय. आमचा पाच वर्षांपूर्वीचा आहे. ती प्रत्येकाला तेच सांगत होती: फक्त पट्टीचे, बाकीच्यांना काही नाही. धर्माजी पालथ्या ड्रमवर बसून ऐकत होते.

दुपार होता होता एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मेघानं तो स्पीकरवर घेतला.

"ताई, मी हर्षला बोलतेय, कोंडाण्यातनं. तुमचा निरोप फिरत फिरत आला, तो ड्रम आमच्याकडं हाय." पलीकडे मागे लोकांची ये-जा ऐकू येत होती. "आईला काल रात्री कर्जतला दवाखान्यात आणलंय. उलट्या थांबत नायत. डॉक्टर विचारतायत त्यात काय होतं. तुमी सांगाल का?"

मेघानं सासऱ्याकडे बघितलं.

"येतो म्हण," धर्माजी म्हणाले.

माझ्या व्हॅनमधून निघालो. गजाला वखारीत बसवलं, कुणाला काहीही विकायचं नाही असं बजावून. धर्माजी पुढे, मेघा मागे. रस्त्यात तिनं एकच गोष्ट विचारली.

"बाबा, कुठल्या कंपनीचे होते ते?"

"ठेकेदाराकडनं येतात. तीन-चार गेटांचा माल एका टेंपोत. कुठला कुठनं, नाय सांगता येत."

"ड्रमवर लेबल असेल ना?"

"मी खरवडतो. लेबल बघितलं की गिऱ्हाईक बिचकतं."

धंद्याला जे जे सोयीचं म्हणून केलेलं असतं, ते एकेक करून आठवायला कर्जतपर्यंतचा रस्ता पुरतो.

दवाखान्यात हर्षलाची आई गौराबाई भिंतीकडच्या खाटेवर होती. पन्नाशीची, काटक बाई. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, डोळे पिवळट. लेक हर्षला पायाशी बसलेली. धर्माजींना तिनं कुठल्यातरी भीमजयंतीला पाहिलं असावं; बघताच हर्षलानं हात जोडले, "जयभीम बाबा," म्हणाली आणि मग हे तेच लोक आहेत हे ध्यानात येऊन हात खाली घेतले.

"पुण्याची बस यायची होती आज," गौराबाई म्हणाली. जीभ जड येत होती. "सांगून गेले होते. अख्खी बस."

"टपरी बंद आहे ना?" मेघानं हर्षलाला विचारलं.

"बंद केली. पाणी ओतलं. पण दहा दिस विकलं ताई."

"कुणी काही बोललं नाही? वासाबद्दल?"

हर्षलानं आईकडे बघितलं. गौराबाईच उत्तर देऊ लागली, थांबत थांबत. "बोलायचे की. वाळा घातलाय का म्हणायचे. कुणी म्हणायचं गुलाब. मी हो म्हणायची. दुसरा पेला मागायचे." मग डोळे मिटून म्हणाली, "मला वाटलं माझ्या हाताला चव आली."

कितीजण ते दोन-दोन पेले पिऊन गेले, कुठे गेले, कुणाला काय झालं, ते विचारायला त्या टपरीवर कुणाचा नंबर नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं.

डॉक्टर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या. रक्ताचे रिपोर्ट चांगले नाहीत म्हणाल्या. यकृतावर परिणाम दिसतोय, मुंबईला हलवायची तयारी ठेवा. "पण मला पदार्थाचं नाव हवंय. प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. तुम्ही ड्रमवाले ना? काय होतं?"

"नाव नाय माहीत," धर्माजी म्हणाले.

"कुठल्या कारखान्यातलं?"

"ते बी नाय. पण वास सांगतो. वासावरनं मी बरंच सांगू शकतो. हा असा, की तसा. मला समजतं."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "पोलिसांना कळवावं लागेल मला," एवढं म्हणाल्या आणि हर्षलाकडे वळल्या. "ती बाटली कुठाय? ह्यांना दाखवा."

ड्रम ओतण्याआधी हर्षलानं त्यातलं पाणी एका बाटलीत भरून आणलं होतं. तिनं ती पिशवीतून काढली. बूच फिरवलं आणि बाटली धर्माजींकडे धरली.

मी खाटेच्या पलीकडच्या टोकाला उभा होतो, तिथपर्यंत वास आला. गोड. सडलेल्या आंब्याचा, त्याच्या आत बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी. शेजारच्या खाटेजवळची नर्स मान वळवून खिडकीकडे गेली. मेघानं ओढणी नाकाला लावली.

धर्माजींनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, टेंपोमागं उभं राहून घ्यायचे तशी. नाक तोंडाशी नेलं. थांबले. पुन्हा नेलं, ह्या वेळी डोळे मिटून, खोल श्वास ओढून. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी बाटली खाली केली आणि लेकरासारखं हर्षलाकडे बघितलं.

"ही दुसरी कुठलीतरी दिलीस बाय," ते म्हणाले. "ह्याला कसला वास? हे नुसतं पाणी हाय."

नर्सनं खिडकी उघडली.

"बाबा," मेघा म्हणाली. "पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतला. आमच्या चेहऱ्यांकडे बघता बघता त्यांचा स्वतःचा चेहरा बदलत गेला. इतकी वर्षं तेच नाक त्याच बुचांशी नेऊन नेऊन ते कधी मेलं, ते त्यांनाही कळलं नव्हतं. गेल्या वर्षी? त्याच्या आधी? भिंतीला गेलेले सहा ड्रम त्यांना कशावरून ओळखू आले, कुणास ठाऊक; अंदाज, सवय, किंवा वास इतका दांडगा की मेलेल्या नाकालाही लागावा. पण जे भिंतीला गेले नाहीत, धुतले गेले, 'धर्माजीचा ड्रम' म्हणून न उलटता नेले गेले, त्यांचं काय?

मेघानं त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली, बूच घट्ट लावलं आणि डॉक्टरांच्या हाती दिली. "तुम्ही ही तपासायला पाठवा. आणि पोलिसांना बोलवा. ठेकेदाराचं नाव आणि नंबर आमच्याकडे आहे, तो मी देते. तो सांगेल कुठल्या गेटचे ते."

"अगं, मग माल बंद," धर्माजी पुटपुटले. ते सवयीनं निघालं असावं, कारण लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि गौराबाईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. गौराबाईनं डोळे उघडले नाहीत.

मेघा दाराशी गेली. फोन तोंडाशी धरला. सकाळसारखाच आवाज, फक्त आता ती शब्दाशब्दाला थांबत होती.

"नमस्कार. मी पुन्हा मेघा बोलतेय. सकाळी मी सांगितलं होतं की फक्त पट्टीचे ड्रम वाईट आहेत, बाकीच्यांना काही नाही. ते मी चुकीचं सांगितलं. आता सगळ्या ड्रमांबद्दल सांगते. आमच्याकडून कधीही नेलेल्या."

मी तिच्या बाजूनं व्हरांड्यात निघून आलो आणि घरी फोन लावला. आमच्या गच्चीवर धर्माजींचे दोन ड्रम आहेत, गेल्या उन्हाळ्यात घेतलेले. शेजारी म्हणून मी भाव केला नव्हता आणि आत डोकावूनही बघितलं नव्हतं. फोन वाजत होता. बायको दुपारची भांडी आवरत असेल. उचलायला वेळ लावत होती.